तिल्लैच्या बनातली सांगातीण

"चीक डोळ्यांत उडाला तर चोळायचं नाही. जागची हलायचं नाही. आणि काही झालं तरी नाव घेऊन हाक मारायची नाही. सांगातीण येते. तिचा हात धरायचा आणि घरी यायचं. समजलं?"

हे अंजलैनं तैयलला सांगितलं होतं. तैयल लग्न होऊन खाडीवर आली, त्या पहिल्याच आठवड्यात.

समजलं होतं तैयलला. पुरतं समजलं होतं.

म्हणून तर ती मरायला टेकली.

ही हकीकत खरी आहे. दर शुक्रवारी चिदंबरमला तिल्लैकालीच्या देवळात दिवा लावायचा माझा नेम आहे. तैयल तिथेच भेटते. देवीच्या पायरीवर बसून खोटं बोलणारी ती बाई नव्हे, आणि तिथं ऐकलेलं वाढवून सांगायची माझीही छाती नाही. तिनं सांगितलं तसंच लिहिते आहे.

जागा म्हणजे जवळच्याच पिच्चावरमच्या खाडीतलं एक तिट्टू. चहूकडे पाणी आणि मधे मूठभर जमीन, तिच्यावर थोडी घरं. नाव लिहीत नाही. पंगुनी महिना, म्हणजे आपला फाल्गुन-चैत्र. वद्य षष्ठी.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

त्या तिट्टूवरच्या बायका हातानं कोळंबी धरतात. जाळं नाही, गळ नाही. छातीभर पाण्यात उतरायचं, मुळांखालच्या चिखलात हात घालायचा आणि बोटांना लागेल ते उचलायचं. ताडाच्या पानांची टोपली दातांत धरलेली असते, कारण दोन्ही हात कामात. त्यामुळे पाण्यात कुणी बोलत नाही. नुसतं 'ऊं' करायचं. 'ऊं' म्हणजे मी इथे आहे. समोरून 'ऊं' आलं की तीही आहे.

एकटीनं बनात जायचं नाही, हा तिथला कायदा. प्रत्येकीची एक सांगातीण ठरलेली. आणि बनात एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. बनात घेतलेलं नाव बन ठेवून घेतं म्हणतात.

तैयलची सांगातीण अंजलै. शेजारच्याच घरातली. चाळिशीची, उंच, विधवा, मूलबाळ नाही. तैयलला पाण्यात उतरायला तिनं शिकवलं, खेकड्याच्या बिळात हात कसा घालायचा ते तिनं शिकवलं. तैयलची लेक कनगा जन्मली तेव्हा नाळही तिनंच कापली.

त्या दिवशी सकाळी तैयलची सासू पूंकोडै गाल धरून दारात बसली होती. दाढ ठणकत होती.

"उपटा गं ही दाढ आणि वाहा कालीला एकदाची!"

"तोंड जरा मिटून बसलात तर थांबेल, आत्या."

"मी तोंड मिटलं तर हे घर कोण हाकणार? तुझा नवरा? समुद्रावर गेलाय म्हणून बरंय. घरी असला की त्याला स्वतःची लुंगी सापडत नाही."

तेवढ्यात अंजलै टोपली घेऊन आली. "चल गं. पाणी तुमची भांडणं संपायची वाट बघणार नाही."

"येताना तिल्लैचा थेंबभर चीक आणा," पूंकोडै म्हणाली. "कापसावर घेऊन दाढेत धरते. माझी आई तेच करायची."

तिल्लै म्हणजे आपल्या कोकणातल्या खाडीकाठचा गेवा. पान तोडलं की दूध गळतं. त्या दुधाचा थेंब किडक्या दाढेवर चालतो. ठेचलेला पाला पाण्यात टाकला की मासे गुंगतात. लाकूड हलकं, जाळ्याला तरंगायला बांधतात. चुलीत मात्र घालायचं नाही, धुरानं डोळे जातात. चिदंबरमच्या मोठ्या देवळात हे देवाचं झाड. पण तिट्टूवरच्या बायका त्याला कालीचं झाड मानतात.

"नाचात देवाला कालीला सरळ हरवता येईना," पूंकोडै सांगायची. "म्हणून त्यानं पाय आभाळात नेला. बाईमाणसानं तसा पाय कसा न्यायचा? फसवून हरवली तिला आणि गावाबाहेर बसवली. हे झाड तिच्या बाजूचं. फसवलेल्या बाईचं झाड. त्याच्यापाशी खोटं वागायचं नाही."

अंजलै तेव्हा नेहमीच दुसरीकडे बघायची. हे तैयलला खूप नंतर आठवलं.

दुपारपर्यंत टोपल्या भरत आल्या. भरती लागली होती. पाणी कमरेला आलं.

वळणावर एक जुनी तिल्लै होती. बुंधा दोघींच्या कवेत न मावणारा. तैयल तिच्याकडे वळली.

अंजलैनं घाईनं दातांतली टोपली काढली. "तिथे नको. पुढचं झाड घे."

"का? हे काय वाईट आहे?"

"नको म्हटलं ना."

"अगं, पाणी चढतंय. एक पान तोडायला कितीसा वेळ लागतो?"

अंजलै पुढे आली नाही. लांब उभी राहिली. टोपली पुन्हा दातांत धरली.

तैयलनं झाडाला हात लावला. "आई, थेंबभर घेते. आमचे डोळे राख." मग डहाळी वाकवली, पान तोडलं, शिंपलीत दूध धरलं. सगळं रीतीप्रमाणे.

आणि हातातली डहाळी सुटली.

वाकवलेली डहाळी सपकन तिच्या तोंडावर आली. दोन्ही डोळ्यांत दूध.

आग झाली. मिरचीची नव्हे, निखाऱ्याची. पापण्या मिटल्या त्या उघडेनात. टोपली केव्हाच पाण्यात पडली होती. दोन्ही हात डोळ्यांकडे निघाले... आणि थांबले.

चोळायचं नाही.

हलायचं नाही.

हाक मारायची नाही.

"ऊं!" तिनं जोरात हुंकार दिला.

"ऊं." मागून अंजलैचा आवाज आला. दहा-बारा हातांवरून.

तैयलच्या जिवात जीव आला.

आणि मग...

"ऊं."

हा मागून नव्हता. हा झाडाच्या मुळांतून आला होता.

तैयलला वाटलं, आवाज घुमला असेल. पण त्याच क्षणी मागे पाणी खळबळलं. कुणीतरी धडपडत, पाणी कापत निघालं होतं. तिच्याकडे नाही.

लांब.

खळबळ लांब गेली. आणखी लांब. मग काहीच नाही.

बगळ्यांचा कलकलाट चालू होता, तोही थांबला. पानांवरून थेंब पडत होते, तेही जणू थांबले.

तैयल उभी राहिली.

अंजलै माणसं आणायला गेली असेल. होडी आणायला गेली असेल. येईल. तिनंच तर शिकवलं होतं, सांगातीण येते.

पाणी बेंबीवर आलं. मग बरगड्यांना लागलं. पायाला काहीतरी बुळबुळीत घासून गेलं. तिनं पाय हलवला नाही. आंधळ्या माणसानं तिथं एक पाऊल चुकीचं टाकलं तर चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो.

पाणी छातीला आलं, तेव्हा तिला कनगाचा चेहरा आठवला. सकाळी निघताना पोर झोपली होती. तैयलनं नीट बघितलंही नव्हतं. उद्या बघू, म्हणून.

आता कधी दिसेल? दिसेल का?

"ऊं!" ती ओरडली. "ऊं! ऊं!"

पाणी गळ्याला लागलं.

हनुवटीला लागलं.

आणि कानापाशी... अगदी कानापाशी...

"ऊं."

पाण्याखालून एक हात तिच्या हातात आला.

तैयलला रडूच फुटलं. "कुठे मेली होतीस गं? किती वेळ? माझे प्राण गेले असते ना!"

"ऊं."

हात चालायला लागला. ती त्याच्यामागे निघाली.

हात गार होता. पण पाण्यात सगळेच हात गार असतात. तळवा फुगलेला, मऊ. पण दिवसभर पाण्यात राहिलं की सगळ्यांचेच तळवे तसे होतात. तैयल स्वतःला हेच सांगत होती. बोटं सुन्न झाली होती तिची. त्यामुळे एक बोट आखूड लागतंय, हेही तिनं मनावर घेतलं नाही.

तरी काही गोष्टी खटकत होत्या.

अंजलै तिच्याहून वीतभर उंच. तिचा हात वरून यायला हवा होता. हा खालून ओढत होता. आवाज कानापाशी आणि हात खाली, गुडघ्यापाशी, जणू पुढची बाई पाण्याच्या तळावरून चालली आहे.

आणि दोघी चालत होत्या ना? मग पाणी दोघींचं वाजायला हवं होतं.

चुबुक... चुबुक... चुबुक...

एकाच जोडीची पावलं. तिची स्वतःची.

"टोपली काढ ना आता तोंडातून," तैयल घाबरून म्हणाली. "काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर."

हात थांबला.

पाणी ओतल्यासारखा आवाज आला. बराच वेळ. कुणीतरी तोंडातलं पाणी बाहेर टाकत होतं... आणि ते संपतच नव्हतं.

मग आवाज आला. चिखलानं भरल्या तोंडाचा.

"तुला मी नेतेय. मला कोण नेणार?"

तैयलला वाटलं, अंजलैचं जुनंच दुःख. ना नवरा, ना मूल. म्हातारपणी कोण बघणार, असं ती कधी कधी म्हणायची. भीतीच्या भरात तैयलचं मन भरून आलं.

"मी आहे ना. मी नेईन तुला घरी. कालीची शपथ."

हाताची पकड घट्ट झाली. इतकी, की तिचं मनगट पुढे कितीतरी दिवस काळंनिळं होतं.

मग पायाखाली वाळू लागली. बकऱ्यांचा वास आला. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला. घर.

उंबऱ्याला पाय लागला. तैयल आत आली आणि तिनं हात ओढला. "ये ना आत."

हात आत येईना.

उंबऱ्यापाशी अडकल्यासारखा थांबला. मग एकेक बोट सुटत गेलं.

"अगं बाई!" आतून पूंकोडैची किंकाळी आली. "काय झालं तुझ्या डोळ्यांना? आणि हात पुढे करून कुणाशी बोलतेस?"

"अंजलैशी. तिला आत घ्या, आत्या. तिनंच आणलं मला."

पूंकोडै उंबऱ्यापर्यंत येऊन बाहेर डोकावली.

"अंजलै तर केव्हाच आली. ताकभात खाऊन झोपलीय तिच्या घरी. म्हणाली, तू परस्पर बाजारात गेलीस."

तैयल मला म्हणाली, "अम्मा, डोळ्यांत दूध गेलं तेव्हा एवढी आग झाली नव्हती."

पुढचं भराभर झालं. शेजारच्या बाळंतिणीनं अंगावरचं दूध डोळ्यांत पिळलं. नावेतून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी डोळे धुऊन पट्ट्या बांधल्या. दिसेल की नाही, पट्टी सुटल्यावर कळेल म्हणाले.

अंधारात पडून तैयल एकच गोष्ट घोळवत होती. ताकभात. म्हणजे तिनं पाय धुतले. ताट घेतलं. भातात मीठ घातलं. आणि माझ्या गळ्याशी पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी अंजलै आली. उशाशी बसली.

"मी माणसं आणायला गेले होते गं."

"कुणाला आणलंस?"

अंजलैनं तिचं पांघरूण सारखं केलं.

"जेवलीस ना पोटभर?" तैयलनं विचारलं.

अंजलै उठून गेली.

संध्याकाळी पूंकोडै सुनेला पेज भरवत होती. दाढेचं दुखणं ती विसरूनच गेली होती. तैयलनं सहज विचारलं, "आत्या, अंजलैची करंगळी कधी तुटली?"

"तिला काय धाड भरलीय? दहाही बोटं शाबूत आहेत."

"मग मला आणलं त्या हाताला..."

चमचा वाटीवर आपटला.

"कुठली करंगळी?" पूंकोडैचा आवाज बदलला होता. "कुठल्या हाताची?"

"उजव्या. वरचं पेर नव्हतं. खेकड्यानं नेल्यासारखं."

पूंकोडै उठली. वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

त्या घरात एक नाव घेतलं जात नसे. सेंगमलम्. पूंकोडैची थोरली लेक, तैयलची नणंद. तिची ती करंगळी लहानपणीच खेकड्यानं तोडली होती. तैयलनं तिला पाहिलंच नव्हतं. तैयल लग्न होऊन यायच्या आधीच सेंगमलम् घर सोडून गेली होती. कुण्या मिठाच्या लॉरीवाल्याचा हात धरून, असं सगळं तिट्टू सांगे. पूंकोडैनं तेव्हा भरल्या गावासमोर मातीचा घडा फोडला. मेल्या माणसासाठी फोडतात तसा. आणि उंबऱ्यावर उभं राहून म्हणाली होती, "या दाराच्या आत तिचं पाऊल पडणार नाही. जिवंत नाही आणि मेल्यावरही नाही."

पण लॉरीत बसताना सेंगमलम्‌ला बघितलं होतं फक्त एका बाईनं.

तिच्या सांगातिणीनं.

अंजलैनं.

पूंकोडैनं अंजलैला बोलावलं नाही. स्वतः तिच्या दारात गेली. तैयलही भिंत धरत मागोमाग गेली. पट्ट्यांमुळे दिसत काही नव्हतं. ऐकू सगळं येत होतं.

"एवढंच सांग," पूंकोडै म्हणाली. ओरडली नाही. ती बाई ओरडली नाही, असं तिट्टूवर पहिल्यांदाच घडलं असेल. "माझी पोर लॉरीत बसली तेव्हा तिचे डोळे उघडे होते का गं?"



"तिच्याही डोळ्यांत चीक उडाला होता. पाणी चढत होतं, मावशी. मला पोहता येत नव्हतं नीट. दोघी बुडालो असतो..."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. हलली नाही जागची. नुसती ऊं करत होती." अंजलै म्हणाली. "मी काठावरून ऐकत होते."

"किती वेळ?"

"थांबेपर्यंत."

तैयलनं भिंत घट्ट धरली.

"आणि काल झाडातून तोच आवाज आला," अंजलै कुजबुजली. "तोच. मी ओळखला. मला वाटलं, मला न्यायला आली. म्हणून पळाले. तुला काय वाटलं, तैयल, मला तुझी दया नव्हती?"

"दया होती," तैयल म्हणाली. "सांगातीण नव्हती."

पूंकोडैनं तिला हात लावला नाही. शिवी दिली नाही. दारातून वळताना एवढंच म्हणाली, "तुझ्या शब्दावर मी माझ्या पोटच्या पोरीला शाप दिला. ती माझ्या सुनेला घरी सोडायला आली, आणि माझ्याच शब्दाला अडून दारातून परत गेली."



पट्टी सुटली तेव्हा आधी नुसतं पांढरं दिसलं. मग त्या पांढऱ्यात एक नाक दिसलं, शेंबडानं माखलेलं. कनगा. तैयलनं लेकीला इतकं घट्ट धरलं की पोर भोकाड पसरून रडली. डाव्या डोळ्यावर थोडं धुकं राहिलंय अजून. उजवा स्वच्छ आहे.

त्याच दिवशी पूंकोडैनं उंबरा धुतला. तांदळाच्या पिठानं पावलं काढली. बाहेरून आत येणारी. मोठ्या बाईची पावलं, उघड्या अंगणापासून थेट देवाच्या कोनाड्यापर्यंत. काढताना ती मोठ्यानं नाव घेत होती. सेंगमलम्. सेंगमलम्. इतक्या वर्षांचं साठलेलं. शेजारचं दार बंद होतं. अंजलै बाहेर आली नाही.

यापुढची एकच गोष्ट सांगून तैयल थांबते. त्यानंतरचं मला सांगत नाही.

ती अजून येते देवळात. दिवा लावते, पायरीवर बसते. पण बसताना डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडते. गर्दी झाली तरी तिथं कुणाला बसू देत नाही. परवा मी न राहवून म्हटलं, "पुढे काय झालं गं?" ती माझ्याकडे बघून हसली नुसती. आणि त्या रिकाम्या जागेवरची फरशी... उन्हाळ्याचे दिवस, चटका बसावा अशी दुपार... ती तेवढीच ओली होती.

मी दिव्याची वात सारली आणि पुन्हा विचारलं नाही.

तिनं शेवटचं सांगितलं ते एवढंच.

पिठाच्या पावलांवर पाय न पडेल असं जपून तैयल घराबाहेर पडली. ओहोटी लागली होती. टोपली घेतली नव्हती. सांगातीण घेतली नव्हती. कालीची शपथ तेवढी फेडायची होती. काठावरच्या बायका टोपल्या धुवायच्या थांबल्या, पण कुणी तिला हटकलं नाही.

पाण्याशी आल्यावर तिनं पदर सोडला, आपल्या बऱ्या झालेल्या डोळ्यांवरून घट्ट बांधला, उजवा हात पुढे केला...

आणि हळूच पाण्यात उतरली.